पाच पंच आणि एक साडभाऊ

"रोशनच्या त्या पंचायतीचा मी दोन दिवसांत बोऱ्या वाजवतो का नाई, पाय तू!"

शुक्रवारी संध्याकाळी प्रेमानंदनं हे जाहीर केलं, तेव्हा प्रीती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवऱ्याच्या घोषणा ऐकताना भाकरी करपू द्यायची नसते, एवढं ज्ञान तिला पहिल्याच वर्षी झालं होतं.

रोशन म्हणजे प्रेमानंदचा साडभाऊ. प्रीतीची धाकटी बहीण मोनाली, तिचा नवरा. एका सासऱ्याच्या दोन जावयांना लोक एका तागडीत बसवतातच, आणि या तागडीत आपलं पारडं वर जातंय अशी प्रेमानंदची पक्की खात्री होती. सावनेरला सासरी गेलं की मटणातली नळी रोशनच्या वाटीत! पाणी आधी रोशनला! खाणीतून निवृत्त झालेले सासरे, भैय्याजी, रोशनला "रोशनराव" म्हणायचे आणि प्रेमानंदला नुसतं "जवाई". या ‘राव’नं प्रेमानंदची झोप उडवली होती.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दिवसा प्रेमानंद एका कंपनीत संगणकावर काम करायचा, पण त्याचा जीव अडकला होता ‘बटव्या’त. बटवा म्हणजे क्रिप्टोची नाणी ठेवायचं मोबाइलमधलं पाकीट. त्याचा कोड सगळ्या जगाला उघडा. कुणीही वाचावा, कुणीही चुका काढाव्यात, आणि मुख्य म्हणजे कुणीही फुकट राबावं! चार वर्षं प्रेमानंद असा फुकट राबत होता. सहा महिन्यांपूर्वी सासरी जेवताना त्यानं या कामाची जरा जास्तच फुशारकी मारली आणि रोशन म्हणाला, "भाऊ, मले बी घ्या नं त्याच्यात." प्रेमानंदनं मोठ्या मनानं घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! कारण सहा महिन्यांत जपानपासून ब्राझीलपर्यंत सगळे जण "रोशनला विचारा, रोशनला विचारा" करू लागले.

आणि आता रोशननं ‘पंच’ काढले होते. गोष्ट साधी होती. प्रत्येक बटव्याची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते कागदावर लिहून जपून ठेवायचे. शब्द हरवले आणि फोनही गेला, की बटवा गेला. मग रोशननं युक्ती काढली, की आपल्या पाच विश्वासू माणसांना आधीच पंच नेमून ठेवायचं. वेळ आलीच, तर पाचांपैकी तिघांनी आपापल्या फोनवर ‘हो’ दाबलं की बटवा परत! तिघांनी ‘नाही’ दाबलं, तर मागणारा चोर समजायचा आणि बटवा कायमचा बंद.

प्रकल्पाच्या प्रमुख हिमानी मॅडम पुण्याच्या. त्या खूश झाल्या. त्यांनी सांगितलं, की रविवारी सहा वाजता सगळ्यांची ऑनलाइन बैठक. ‘अखेरची सही’ यापुढे कुणी करायची ते तिथं ठरेल. बटव्याची नवी आवृत्ती लोकांकडे जाण्याआधी एकच माणूस ती पारखून सही करतो. तो मान प्रेमानंदला किंवा रोशनला. "आणि प्रेमानंद," मॅडम म्हणाल्या, "पंचांची चाचणी तुम्ही करा. तुमच्याइतकं कसून कुणी तपासत नाही."

कसून! हा शब्द प्रेमानंद तेव्हापासून मनात घोळवत होता.

"पंच म्हने!" तो प्रीतीला म्हणाला. "आपल्या खानदानात तीन मानसं एका गोष्टीले ‘हो’ म्हनतीन? लग्नात भाजीत मीठ किती टाकायचं, ते चार तासांत ठरत नाई! मी असे पाच पंच नेमतो, का तिघं काय, एकबी ‘हो’ म्हननार नाई. रविवारी मॅडमले सांगतो, हे काई चालत नाई. सही आपली!"

"आन् चाललं तर?" प्रीतीनं विचारलं.

"काहून चालन? मी हाव नं!"

शनिवारी सकाळी त्यानं पंचांची निवड केली. स्वयंवरातसुद्धा एवढा विचार होत नसेल! पहिली पंच आपली आई, कांताबाई. ती फोनवर आलेल्या कुठल्याही गोष्टीला ‘नाही’ म्हणते. दुसरा मित्र पियूष. तो हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर असतो आणि मोबाइल कपाटात ठेवून आत जातो. तिसरे सासरे, त्यांचा चष्मा आणि फोन कधी एका खोलीत नसतात. चौथी प्रीती. ती आठवडाभर घुश्शात होती, कारण तिची कशिद्याची मशीन घेणं तीनदा पुढं ढकलून या सोमवारवर आलं होतं. आणि पाचवा पंच खुद्द रोशन! का? तर आपल्या पोराचं नापास होणं बापानं जवळून पाहावं म्हणून!

पंच व्हायला त्या त्या माणसाचा होकार लागायचा. प्रेमानंदनं गोड बोलून सगळ्यांकडून तो मिळवला. रोशनचा तर अर्ध्या मिनिटात आला, वर हात जोडलेलं चित्र. "चापलूस!" प्रेमानंद पुटपुटला.

आणि तरीही त्याला धीर धरवेना. त्यानं पियूषला हळूच फोन लावला.

"पियूष, तुया फोनवर आज एक येईन. डायरेक्ट ‘नाही’ दाबून टाक."

"काहून बे?"

"काहून-बिहून नको विचारू. सोमवारी तर्री-पोहे माह्याकडून."

"दोन प्लेट?"

"दोन!"

याला चाचणी म्हणत नाहीत, हे प्रेमानंदलाही ठाऊक होतं. पण मत्सर एकदा आत शिरला, की अक्कल बाहेर चप्पल घालून उभी राहते.

दहा वाजता तो खुर्चीत ताठ बसला. फोनमध्ये त्याचे दोन बटवे होते. एक सरावाचा, त्यात खोटी नाणी. ती फक्त चाचणीसाठी असतात, त्यांचा चहासुद्धा येत नाही. दुसरा खरा. चार वर्षांत जगभरच्या लोकांनी "भाऊ, तुमचं काम आवडलं" म्हणून जी थोडी थोडी नाणी पाठवली, ती त्यात होती. प्रीतीची मशीन त्यातूनच येणार होती. प्रेमानंदनं बटवा उघडला, ‘पुसा’ दाबलं, "नक्की?" ला "नक्की!" दाबलं, मग ‘पंचांकडून परत मिळवा’ दाबलं आणि हात चोळत मागं टेकला. पाचही पंचांना विनंती गेली.

मग त्यानं पडद्याकडं पाहिलं. फोनमध्ये एक बटवा शिल्लक होता. त्यात खोटी नाणी होती. ढीगभर होती!

प्रेमानंदच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं खरा बटवा पुसला होता. पंचही खऱ्याच बटव्यावर नेमले होते.

आता दोन्ही बटवे दिसायला एकसारखे कसे, असं कुणीही विचारेल. रोशननंही विचारलं होतं! दोन महिन्यांपूर्वी त्यानं सुचवलं होतं, की सरावाच्या बटव्याला वर लाल पट्टी द्या, म्हणजे घोटाळा होणार नाही. प्रेमानंदनं ते फेटाळलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘वापरणाऱ्याला एवढी अक्कल असते.’ त्यावर जगभरातून सात जणांनी अंगठा दाखवला होता, तोही वर केलेला, पसंतीचा.

आणि बारा शब्द? गेली चार वर्षं तो भाषणं देत फिरत होता, "कागदावर लिहा, दोन ठिकाणी ठेवा." स्वतः मात्र आज लिहू, उद्या लिहू करत राहिला होता. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथं तर दिवाच नव्हता!

"आई!" तो एकदम ओरडला. "आई, फोनले हात लावू नको!"

कांताबाई तांदूळ निवडत ओसरीत बसल्या होत्या. त्यांनी विजयी मुद्रेनं फोन वर धरला. "आलतं नं! ‘बटवा परत पाहिजे, हो का नाही?’ म्या लगेच ‘नाही’ दाबलं! त्या चोट्ट्याले काय वाटलं, म्हातारी हाव म्हनून फसन?"

"आई, तो मी होतो!"

"तू घरात हाय नं, बाबू. मंग फोनवर कायले येशीन?" कांताबाईंनी शांतपणे खडा फेकला. "तूच तर शिकवलं. कोनी काई दाबाले सांगतलं, का समजायचं चोर हाय. पाचदा वदवून घेतलं होतं माह्याकडून."

एक ‘नाही’ झालं. प्रेमानंदनं पियूषला फोन लावला. बंद! तो गाडीवर बसला आणि सिग्नल, खड्डे, कंपनीच्या बसगाड्या यांतून वाट काढत हिंगण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचला. चौकीदारानं आत सोडलं नाही. चहाच्या सुटीत पियूष बाहेर आला, चेहरा लख्ख.

"काम फत्ते भाऊ! आत्ताच फोन काढला, दिसलं, दाबून टाकलं! ‘नाही’! दोनदा विचारलं मशीननं, ‘नक्की का?’ मी म्हटलं, दोस्तीत काय नक्की न् काय बिननक्की! दाब!"

प्रेमानंद तिथंच पेव्हर ब्लॉकवर बसला.

"काय झालं बे? तब्येत बरी नाई काय? तर्री-पोहे सोमवारी नाई जमले तरी चालते, मंगळवारी खाऊ."

दोन ‘नाही’ झाले होते. आणखी एक आलं, की सगळं संपलं. म्हणजे उरलेल्या तिघांनी, प्रीतीनं, सासऱ्यांनी आणि रोशननं, ‘हो’ म्हणणं भाग होतं. आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं, तर रोशनचे पंच जगात भारी ठरणार! बटवा परत यावा अशी इच्छा करावी, तर रोशन जिंकतो. रोशन हरावा म्हणावं, तर मशीन बुडते. हिंगण्याहून घरी येईपर्यंत प्रेमानंद दोन्ही इच्छा आळीपाळीनं करत होता. एका चौकात तर, मंडळी, खोटं कशाला सांगू, त्याला क्षणभर वाटलं, बुडू दे मशीन!

घरी आल्यावर त्यानं प्रीतीला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पियूषचं सोडून सगळं. प्रीतीनं ऐकता ऐकता गॅस बंद केला.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "तुमी मले पंच काहून केलं?"

"तुह्यावर विश्वास हाय म्हनून!"

"का मी घुश्शात हाव, ‘हो’ म्हननार नाई म्हनून?"

प्रेमानंदनं पंख्याकडं पाहिलं. प्रीतीनं फोन हातात घेतला. तो खुर्चीतून अर्धा उठला. तिनं ‘हो’ दाबलं.

"तुमच्यासाठी नाई. मशीनसाठी. आन् आता बाबाले न् रोशनभाऊजीले तुमीच सांगाचं. मी कोनाले एक शब्द बोलनार नाई."

प्रेमानंदनं सावनेरला फोन लावला.

"जयभीम मामाजी! मी प्रेमानंद बोलून राहिलो. तुमच्या फोनवर एक आलं असन, त्याच्यात ‘हो’ दाबा जरा."

पलीकडं आधी टीव्ही बंद झाला. मग भैय्याजींचा आवाज आला, अगदी पोलिसी. "कोन प्रेमानंद?"

"तुमचा जवाई!"

"आवाज तर तसाच काढला तुनं. पन आजकाल मशीन कोनाचाबी आवाज काढते, हे माह्या जवायानंच सांगतलं मले. ‘हो’ दाबा म्हनते! ठेव फोन, नाईतर ठान्यात जातो!" आणि फोन बंद.

आता धास्ती ही, की ते चिडून ‘नाही’ दाबतील! प्रेमानंदला रात्रभर डोळा लागला नाही. रविवारी सकाळी तो गाडी हाणत सावनेरला पोचला. भैय्याजींनी त्याला दारातच उभं केलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि मगच आत घेतलं. चष्मा शोधण्यात दुपार झाली. फोन शोधण्यात आणखी दोन तास. शेवटी दोन्ही वस्तू एका माणसाच्या ताब्यात आल्या.

"हे ‘हो’?" भैय्याजींचं बोट पडद्याच्या वर थांबलं.

"हव मामाजी. दाबा."

बोट मागं आलं. "थांबा. एक डाव रोशनरावले विचारून घेतो."

प्रेमानंदनं भिंतीला टेकून घेतलं. ज्याला खाली पाडायचं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच्याच परवानगीसाठी आपण घामेजून सासऱ्यांसमोर उभे! भैय्याजींनी फोन स्पीकरवर टाकला.

"रोशनराव, हे जवाई आले हायत. म्हनते, बटवा हरवला. ‘हो’ दाबाचं काय?"

"भाऊ समोर हायत नं, मामाजी? मंग दाबा बिनधास्त," रोशनचा आवाज आला. "भाऊ खोटं बोलत नाई कधी."

प्रेमानंदनं मान खाली घातली. दोन प्लेट तर्री-पोहे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. भैय्याजींनी ‘हो’ दाबलं आणि चहा सांगितला. चहा आधी प्रेमानंदलाच मिळाला, पण आज त्यानं तो तसाच ठेवला.

उरला रोशन. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण यात हरी कोण आणि गाढव कोण, हे रोशनच्या घरी, मनीषनगरला जाताना प्रेमानंदला हळूहळू स्पष्ट होत गेलं. सहाला पाच मिनिटं कमी असताना त्यानं रोशनची घंटी वाजवली. दार मोनालीनं उघडलं.

"या भाऊजी! तुमचीच वाट पाहून राहिले हे. सकाळपासून फोन हातात धरून बसले हायत."

रोशन टेबलाशी बसला होता. पुढ्यात लॅपटॉप. तो लगबगीनं उठला. "भाऊ, या! मी ‘हो’ दाबलं नाई अजून, राग नका मानू. मी तो नियमच करून ठेवला, का मानूस समोर दिसल्याशिवाय दाबाचं नाई. मोडला असता तर तुमीच म्हनले असते, पाय, घरच्याच मानसानं मोडला! आन् तुमची चाचनी हाय, तर ती नीटच झाली पाहिजे."

"चाचनी नाई गा," प्रेमानंद म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "खरा बटवा पुसला मी. प्रीतीची मशीन हाय त्याच्यात. शब्द लिहून नाई ठेवले. आन् तुही लाल पट्टी असती, तर हे झालंच नसतं."

समोर भाऊच आहेत, हे रोशननं एकदा नीट पाहून घेतलं. त्यानं फोन उचलला आणि ‘हो’ दाबलं.

प्रेमानंदच्या फोनवर एक चक्र फिरू लागलं. फिरलं, फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आणि बटवा आला! सगळी नाणी, चार वर्षांचे सगळे आभार, एकही इकडचं तिकडं न होता! प्रेमानंदनं रोशनला कवटाळलं आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

"रोशन! भल्लं काम केलं गा तू! जगात तोड नाई तुया पंचाईले! मी जळत होतो तुह्यावर, सहा महिन्यांपासून जळत होतो! पियूषले ‘नाही’ दाबाले मीच सांगतलं होतं, तर्री-पोहे देतो म्हटलं! आईनं मले चोर समजून ‘नाही’ दाबलं, प्रीती घुश्शात होती, मामाजी तर ठान्यात जात होते! तरीबी चाललं बाप्पा! तरीबी चाललं!"

"भाऊ," रोशन त्याच्या कानाशी हळूच म्हणाला, "बैठक सुरू झाली. माइक चालू हाय."

लॅपटॉपच्या पडद्यावर चाळीस चौकोनांत चाळीस चेहरे होते. प्रेमानंदनं रोशनला सोडलं आणि केस नीट केले. त्यानं काही फरक पडला नाही.

"धन्यवाद, प्रेमानंद," हिमानी मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण ओठ कसेबसे आवरलेले दिसत होते. "एक पंच घाबरलेला, एक लाच घेतलेला, एक चिडलेला, एक संशयी. आणि तरीही बटवा परत. इतकी कठीण चाचणी मला कागदावर सुचली नसती. अखेरची सही रोशनकडे. पसंत असेल त्यांनी हात वर करा."

लगेच एकोणचाळीस हात वर गेले. चाळिसावा प्रेमानंदचा. तो जरा उशिरा गेला, पण गेला.

बैठक संपली. मोनालीनं पोह्यांची बशी पुढ्यात ठेवली. प्रेमानंदनं पोह्यांकडं पाहिलं आणि तो दुसरीकडं बघू लागला.

"भाऊ," रोशन चाचरत म्हणाला, "एक बोलू का? माह्या बटव्याचे पंच पूर्ण नाई झाले अजून. तुमचा होकार बाकी हाय. तीन आठवडे झाले विनंती पाठवून. तुमी कामात असान म्हनून आठवन नाई केली."

प्रेमानंदला आठवलं. आली होती ती विनंती. रोशन आपली करामत मिरवतोय असं वाटून त्यानं बोटानं सरकवून टाकली होती. आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हा पोरगा आपल्याला विश्वासाचा माणूस समजत होता, आणि आपण! त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, विनंती शोधली आणि ‘हो’ दाबलं. मन कसं हलकं झालं. सहा महिन्यांचा सगळा मत्सर एका क्षणात धुऊन निघाला.

पडद्यावर रोशनच्या पाच पंचांची यादी उघडली. प्रेमानंदनं प्रेमानं आपलं नाव शोधलं. ते दुसऱ्या क्रमांकावर होतं.

त्यानं फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. घसा खाकरला.

"रोशन," तो म्हणाला, "हा पयला जितेंद्र कोन हाय गा?"